तिसरी जनसुनावणी

लोखंड आणि वीज तयार करणाऱ्या कंपनीच्या तिसऱ्या विस्तारासाठी जनसुनावणी होती. झामसिंग पटले यांच्या धानावर कारखान्याची राख पडायची, म्हणून आधीच्या दोन्ही सुनावण्यांत ते एकटेच उभे राहून विरोधात बोलले होते. दोन्ही वेळा कारखाना वाढलाच.

या वेळी त्यांना आणि त्यांच्या बायकोला, कुंताला, न्यायला कंपनीनेच जीप पाठवली.

"मले कायले नेऊन राहिले जी?" झामसिंगनी विचारलं.

सोबत आलेला अधिकारी हसला. "काका, आपला स्वतःचा कोळसा, स्वतःची वीज, दाराशी रेल्वे. कंपनीला कशाचीच कमी नाही. फक्त सुनावणीत कोणीतरी विरोधात बोलायला पाहिजे. तुम्ही बोललात की वरच्या लोकांना सुनावणी खरी वाटते. मंजुरी लवकर येते."

मंडपात झामसिंगचं नाव पुकारलं गेलं आणि माइक समोर आला. ते नुसतेच बसून राहिले.

"बोला ना जी, काऊन चूप आहा?" कुंता हळूच म्हणाली.

"माह्या बोलण्यानंच हे वाढून राहिलं वो," ते थकल्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी माइक परत दिला. दहा वर्षांत पहिल्यांदा ते सुनावणीतून काहीही न बोलता घरी आले.

पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सुनावणीचा अहवाल लागला.



'विस्ताराला कोणाचाही विरोध नाही.'