हुबेहूब

स्टुडिओत बायकोचं गाणं रेकॉर्ड करताना एकाच ओळीसाठी त्याने सकाळपासून तिचा पिट्टा पाडला होता.

"पुन्हा. आधीसारखं हुबेहूब हवं."

"अहो, घसा बसला माझा," ती काचेपलीकडून म्हणाली. तरी गायली.

फरक दाखवून तिला तोंडघशी पाडायला त्याने नव्या ट्रॅकची ध्वनिलहर उलटी करून जुन्यावर ठेवली. दोन आवाज तंतोतंत सारखे असले, तरच ते असे एकमेकांना पुसून टाकतात. माणसाचे तसे कधीच नसतात.

स्पीकरमधून काहीच आलं नाही. श्वाससुद्धा नाही.

त्याने मान वर केली. माइकसमोर ती नव्हती. तिचे हेडफोन मात्र तिच्याच उंचीवर अधांतरी होते.

सवयीनेच त्याचं बोट बोलायच्या बटणावर गेलं.

"पुन्हा."

हेडफोन निमूटपणे होकारार्थी हलले.