भिंतभर बगळे

"अहो, झुडपामागे बसलेत ते तुमचे गुळवणी सर ना?" फोटो क्लबच्या सहलीत मी तळ्यावर काढलेला, स्पर्धेला पाठवायचा फोटो कम्प्युटरवर मोठा करत बायकोनं विचारलं.

बघतो तर काय, वर उडते बगळे आणि खाली कोपऱ्यात सरांची चौकडीची टोपी, शेजारी पाण्याची बाटली!

सर क्लबचे अध्यक्ष आणि स्पर्धेचे परीक्षक. नियमही त्यांचाच: फोटोतलं काही कापायचं नाही, पुसायचं नाही; फाईल मोठ्यात मोठी हवी, कारण विजेता फोटो भिंतभर लावणार.

"नियम म्हणजे नियम," म्हणत मी फाईल पाठवून दिली.

संध्याकाळी सरांचा पडेल आवाजात फोन आला. "बगळे अप्रतिम! पहिला नंबर तुमचाच. फक्त यंदा प्रदर्शनात सगळे फोटो पासपोर्ट साइजचे लावायचे ठरलंय."