सरांचा हात

“सर, मी सोडतेय,” समिधा म्हणाली. ऑपरेशन थिएटरबाहेर दोघं हात धूत होते आणि तिच्या कोपरापर्यंत साबण होता.

सरांनी नळ बंद केला. “आजचा हर्निया होऊ दे. मग बोलू,” म्हणाले आणि आत गेले.

सर्जन व्हायच्या शिक्षणाचं तिचं हे तिसरं, शेवटचं वर्ष. मीरा रोडच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात प्रत्येक पेशंटला सरच हवे असायचे, आणि सरही सगळं स्वतःच करायचे. समिधाने तीन वर्षं नुसता रिट्रॅक्टर धरला. म्हणजे जखमेची कड लोखंडी पट्टीने ओढून धरायची आणि बघत राहायचं. पोहणं शिकवायचं, पण काठावर बसवून. सरकारी कॉलेजातल्या मैत्रिणीने ऑर्कुटवर टाकलं होतं, अपेंडिक्सचं अर्धशतक झालं म्हणून. ते वाचून समिधा उशीच्या अभ्र्याला टाके घालत रडली होती. गणपतीनंतर परीक्षा. पास झालीही असती, पण उद्या एखाद्याचं पोट उघडायचं ते कशाच्या जोरावर?

तीन वर्षांत सरांनी चाकू दुसऱ्याच्या हातात दिला तो एकदाच, तिच्या बरोबरच्या अनिशला. नेमकी तेव्हा ती रजेवर. नशीबच फुटकं, दुसरं काय. कोण होता पेशंट, असं तिने विचारलं तर अनिश म्हणाला, “होते एक काका,” आणि विषय बदलला.

सोडणार असल्याचं तिने गोडदेवला घरी सांगितलं नव्हतं. तिचे वडील बाबाजी, सरांचे मोठे भक्त. त्यांचं ऑपरेशन इथेच झालं होतं. तेव्हा समिधाने सरांपुढे अक्षरशः हात जोडले होते, “सर, तुम्हीच करा. प्लीज.” सर म्हणाले होते, “मीच करणार. पण आज तू डॉक्टर नाहीस, मुलगी आहेस. बाहेर बस.” बाबा अजून येईल त्याला सांगायचे, “ऑपरेशनभर माझ्या डोक्याशी वाकून सर गप्पा मारत होते. गुहागरचा आंबा कसाय, विचारत होते. एवढा मोठा माणूस!” टाक्याची रेघ तर इतकी बारीक उमटली होती, की समिधाने मोबाइलवर फोटो काढून अनिशला दाखवला. “बघ, ह्याला म्हणतात सरांचा हात.” अनिशने फोटो बराच वेळ पाहिला आणि मोबाइल परत दिला.

ती आत आली. टेबलावर काशीगावचे धर्माजी होते. कमरेखाली बधिर, बाकी टक्क जागे. त्यांच्या छातीपाशी हिरव्या कापडाचा पडदा लावलेला. अनिश रिट्रॅक्टर घेऊन तयार होता. मघाशी बाहेर धर्माजींच्या बायकोने सरांची बाही धरली होती. “सायेब, तुमीच करा हां. शिकाऊ पोरांना हात लावू देऊ नका.”

“मीच करणार,” सर म्हणाले होते.

समिधा सवयीने अनिशशेजारी जाऊ लागली. सरांनी मान हलवून नाही म्हटलं आणि समोरच्या, स्वतःच्या जागेकडे डोळ्यांनी खूण केली. ती तिथे जाऊन उभी राहिली. सिस्टरने तिच्या हातात चाकू दिला. तीन वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला तो हातात आला.

सर पडद्यापलीकडे गेले, धर्माजींच्या डोक्याशी वाकले.

“काय धर्माजी, भात लावून झाला?”

“झाला, सायेब. चालू केलात का?”

“करतोय ना. तुम्ही बोला. यंदा पाऊस कसाय काशीगावात?”

समिधाचा हात हवेतच थांबला. बाहेर बाकावर एक बाई निर्धास्त बसली होती. तशीच, त्याच बाकावर, एकदा ती स्वतः बसली होती.

तिने मान वर केली. मास्कच्या वर अनिशचे डोळे तिच्याकडेच होते.

“घाल चाकू,” तो अगदी हळू म्हणाला. “तुझ्या बाबांच्या वेळी माझाही हात असाच थांबला होता.”