नऊ स्क्रीनची भिंत

सीसीटीव्हीवाल्या केदारने आमच्या सोसायटीच्या ऑफिसात नऊ स्क्रीनची भिंत बसवली. पूजेला सगळेच जमले, गेटवरचा पुंडलिकसुद्धा नारळ फोडायला आत आला. सेक्रेटरी विद्याधरराव पावर हाउस चौकातल्या दुकानातून पेढे घेऊन धावतपळत पोचले आणि स्कूटर गेटपाशीच सोडून आरतीला उभे राहिले.

आरती झाल्यावर केदारने गेटचं चित्र नऊ स्क्रीनभर पसरवलं. कोणीतरी स्कूटर घेऊन बाहेर निघालं होतं.

"काय क्लियर दिसून राहिलं बे!" विद्याधरराव खूश झाले. "नंबर भी वाचता येते!"

आणि त्यांनी तो पाठ असल्यासारखा एका दमात म्हणून दाखवला. आम्ही टाळ्या वाजवल्या.



टाळ्या थांबल्यावर त्यांच्या बायकोने हळूच विचारलं, "अवो, आपल्या स्कूटरची चाबी कुठं हाय?"