दिनानाथांचा हात

हेमचंद्र प्रधानांनी फोटो टेबलावर आपटला.

"दिनानाथ, मधूच्या डाव्या डोळ्यात हा पांढरा ठिपका कसला?"

"आहे खरा ठिपका," दिनानाथ म्हणाले.

"ते मलाही दिसतंय! मुलाचा पहिला वाढदिवस, फोटो इंदूरला आजोबांना पाठवायचाय. असा पाठवू?"

राग यावा अशीच गोष्ट होती. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की छापलेल्या फोटोत पांढरा ठिपका उमटतो. बारीक ब्रशाने शाई लावून तो बुजवायचा, हे कुठल्याही फोटोवाल्याचं रोजचं काम. त्या कामात अख्ख्या अंबरनाथमध्ये दिनानाथांचा हात धरणारं कोणी नव्हतं. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं त्यांच्या ब्रशाखाली नाहीसं व्हायचं. गावातल्या निम्म्या सोयरिकी त्या ब्रशाने जुळवल्या, असं लोक हसून म्हणत.

हे सारं कुमुदिनी जाईपर्यंत. चौपन्न साली, चार वर्षांची पोर कॅन्सरने गेली. बदलापूरला नदीत तिची राख सोडली, तिथेच दिनानाथांनी ब्रशही पाण्यात टाकले. तेव्हापासून फोटो जसा येईल तसा. हात गेला बिचाऱ्याचा, असं लोक म्हणू लागले. गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. त्यांना तरी काय बोल लावायचा?

दुकानात कुमुदचा एकच फोटो होता. तिसऱ्या वाढदिवसाचा, परकर-पोलक्यातला. हातात लाकडी भावली आणि डोळे काळेभोर, टपोरे. पूर्वी त्याच फोटोकडे बोट दाखवून लोक म्हणायचे, आमचा असा काढा.

मालिनीबाई दुकानामागच्या खोलीतून रोज संध्याकाळी येत, पदराने फोटोची काच पुसत आणि तेच म्हणत, "मी आई ना? मला कसं दिसलं नाही हो? वर्षभर आधी आणली असती तर वाचली असती, म्हणाले डॉक्टर."

दिनानाथ गप्प बसत. दुःखाने मुके झालेत, असं मालिनीबाई धरून चालल्या होत्या.

आज मात्र ते बोलले. "प्रधानसाहेब, निगेटिव्ह चारदा पुसली. चार प्रती काढल्या. ठिपका तिथल्या तिथे. धूळ नाही ती. मधूला मुंबईला न्या. डोळ्याच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा. उद्याच न्या."

हेमचंद्र काड्यापेटीच्या कारखान्यातले साहेब. उलट ऐकून घ्यायची सवय नव्हती.

"पोरगं ठणठणीत आहे माझं! तुम्हाला ब्रश धरता येईना, म्हणून माझ्या मुलाला रोग चिकटवता? ठेवा तुमचा सल्ला. उल्हासनगरच्या कॅम्पातला फोटोवाला पाच मिनिटांत बुजवून देईल."

फोटो उचलून ते तरातरा बाहेर पडले. दिनानाथ अनवाणी मागे धावले आणि त्यांनी सायकलचं हॅण्डल धरलं.

"बुजवा. खुशाल बुजवा. पण आधी न्या त्याला. पाया पडतो."

आणि पन्नाशीचा तो माणूस भर बाजारात तिशीतल्या साहेबांच्या पायांशी खरोखरच वाकला. पानवाला बघत राहिला. वाण्याच्या दुकानातली माणसं बाहेर आली. डोक्यावर परिणाम झालाय, कुणीतरी म्हणालं. हेमचंद्र ओशाळून निघून गेले.

घरी त्यांनी हा किस्सा हसत हसत सांगितला. त्यांची बायको कुंदा हसली नाही. तिने दिव्यापाशी मधूचा डोळा पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हट्टाने नवऱ्याला पोराला घेऊन मुंबईला जायला लावलं.

चार महिन्यांनी हेमचंद्र पुन्हा दुकानात आले. कडेवर मधू. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, आणि हात दिनानाथांच्या चष्म्याकडे झेपावत होते.

"डोळा काढावा लागला," हेमचंद्र म्हणाले. "पण पोर वाचलं, दिनानाथराव. कॅन्सर होता. एवढ्याशा जिवाला कॅन्सर!" आणि साहेब ढसाढसा रडले.

मालिनीबाई चहाचे कप घेऊन आल्या आणि मधूला बघून दारातच थांबल्या.

"इतक्या लवकर कुणी आणतच नाही, म्हणाले डॉक्टर. तुम्हाला कसं कळलं हो?" हेमचंद्रांनी दिनानाथांना विचारलं.

"आमची कुमुद ह्याच रोगाने गेली," दिनानाथ म्हणाले.

हेमचंद्रांनी डोळे पुसले. मधूला घेऊन ते कुमुदच्या फोटोपाशी गेले आणि बराच वेळ बघत राहिले.

"पण वहिनी, हिचे डोळे तर किती स्वच्छ आहेत! ठिपका कुठेच दिसत नाही."

मालिनीबाई कप तसेच हातात धरून जवळ आल्या. रोज पुसलेल्या त्या काचेत त्यांनीही निरखून पाहिलं. मग वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"होता," दिनानाथ म्हणाले. "त्याच्या आदल्या वाढदिवसालाही होता. तेव्हा माझा हात फार चांगला होता."