अर्ध्याचं अर्धं

प्रोग्रॅम पुन्हा अडकला. हजार नावांची यादी चुटकीसरशी अकारविल्हे लावून देणारा हा शहाणा, एक कोटी नावं समोर ठेवली की ढिम्म हलत नव्हता. थोरलीने कपाळावर हात मारला.

रीत तिनेच बसवली होती. यादीचे दोन भाग करायचे आणि दोन कामगारांना द्यायचे. भाग हजार नावांइतका लहान असेल तर त्यांनी तो स्वतः लावायचा, नाहीतर त्याचे पुन्हा दोन करून पुढे द्यायचे. लावलेले तुकडे परत आले की नुसते जोडायचे. मशीनमध्ये असे आठ कामगार, म्हणजे एकाच वेळी चालणारे आठ छोटे प्रोग्रॅम, होते. आठही हजर, काम मात्र शून्य.

शेजारच्या टेबलावरच्या जाड्याला ऑफिसात सगळे मास्तर म्हणत. चहाचा कप तिच्या कीबोर्डला खेटून ठेवत त्याने स्क्रीनमध्ये डोकं घातलं.

"बिघडलंय कुठे? आठही जणांनी काम पुढे ढकललंय आणि आठही जण उत्तराची वाट बघत बसलेत. करायला उरलंय कोण?"

"मग काय करू?"

"अर्धं दुसऱ्याला द्या, अर्धं स्वतः करा. आणि दिलेल्याला कोणी हात लावला नसेल, तर तेही मुकाट्याने आपणच उरका."

थोरली हसली. हसता हसता तिची नजर टेबलावरच्या फोनकडे गेली.

बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आज तिसरा दिवस. आई गेल्यापासून ते घरात एकटेच. दर तीन तासांनी डोळ्यात थेंब घालायचे, आणि ते त्यांचे त्यांना जमत नव्हते. तीही वाटणी तिनेच करून दिली होती: सकाळ भावाकडे, दुपारनंतर धाकटीकडे. भावाने अर्धी सकाळ बायकोवर सोपवली, धाकटीने अर्धी दुपार नवऱ्यावर. थोरलीने स्वतःकडे फक्त चौकशी ठेवली होती. आज सकाळपासून तीही राहून गेली होती.

तिने फोन लावला. घंटा बराच वेळ वाजत राहिली. पलीकडे खुर्ची सरकल्याचा, काहीतरी चाचपल्याचा आवाज झाला.

"बाबा, आज थेंब कोणी घातले?"

"बाटली केव्हाची हातात घेऊन बसलोय, बाळा. चौघांचे फोन येऊन गेले. सगळ्यांनी हेच विचारलं. तुझा पाचवा."