हिमनदीतला श्वास

"यंत्र बिघडलंय, दुसरं काय?" कार्यालयप्रमुख देवधर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. "बेपत्ता माणसाचा श्वास बारा वर्षांनी हवेत येत नाही, केतकी."

केतकीने मान डोलावली. तिचाही भुतांवर विश्वास नव्हता. युरोपभरची हवा-केंद्रे प्रत्येक माणसाचा श्वास बोटांच्या ठशासारखा ओळखू लागल्यापासून अशा चुका रोज येत, आणि व्हिएन्नातल्या या कार्यालयात बसून त्या खोडणे हेच तिचे काम होते. आज मात्र ऑस्ट्रियातल्या केंद्राने दिलेले नाव तिच्या नवऱ्याचे होते. बारा वर्षांपूर्वी आल्प्समध्ये गिर्यारोहणाला गेलेला शिरीष परतलाच नव्हता.

शेजारच्या देशाने दुजोरा दिल्याशिवाय कोणतीही नोंद खरी धरायची नाही, असा नियम होता. तिने इटलीची नोंद मागवली. तिथेही शिरीषच होता.

दोन्ही केंद्रांकडे येणारे वारे एकाच वितळत्या हिमनदीवरून निघाले होते. त्याच्या शेवटच्या श्वासांचे बर्फात अडकलेले बुडबुडे आता फुटत होते.

देवधरांनी चष्मा काढला. "शोधपथकाला कळवू?"

"आधी आईंना सांगते."

सांगलीला सासूबाईंनी शिरीषचे श्राद्ध आजवर करू दिले नव्हते. केतकीने फोनवर शब्द तोलून सांगितले, की शिरीषचा श्वास सापडला आहे.

 पलीकडे सासूबाई हसल्या.

"मी सांगत होते ना तुम्हाला, त्याचा श्वास चालू आहे म्हणून?"

 केतकीच्या समोरच्या पडद्यावर शिरीषच्या नावापुढचा, हवेतल्या श्वासाच्या प्रमाणाचा आकडा सावकाश उतरत होता.